बंदराची मागची बाजू

घार हे तिचं गेममधलं नाव. डोळे घारे म्हणून तिने ते घेतलं, आणि पुढे ते इतकं चिकटलं की नवराही कधीकधी त्याच नावाने हाक मारायचा. ती फिजिओथेरपिस्ट होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कॉटवरून उठवायचं, त्याच्या शिव्या ऐकून घ्यायच्या आणि तरी त्याला दारापर्यंत चालवून आणायचं, हे तिचं काम. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन ती 'दर्यापार' उघडून बसायची. हा ऑनलाइन गेम होता. आपलं जहाज घ्यायचं, सोबती जमवायचे, बेटाबेटांवर माल न्यायचा, वादळात कुणी सापडलं तर त्याला दोर टाकायचा. तिचा ताफा सगळ्यात मोठा होता. त्यात दूरदूरची माणसं होती, आणि घार म्हणेल ती पूर्व दिशा असं त्यांचं चाललेलं असायचं.

हा गेम लोकवर्गणीतून उभा राहिला होता. पहिल्या हाकेला लोकांनी पैसे दिले, त्यातून सहा बेटं झाली आणि छान झाली. दुसरी हाक आली ती उत्तरेच्या बंदरासाठी. तिसरीही उत्तरेच्या बंदरासाठीच होती, फक्त त्या वेळी बंदराबरोबर देवमासे येणार होते. आता चौथी हाक आली. बंदर, देवमासे आणि शिवाय पाण्याखालचं एक शहर.

या हाकेबरोबर आलेला व्हिडिओ सुरेख होता. धुक्यातून जहाज आत येतं, दिवे लागलेले, उंच गोदामं, धक्क्यावर माणसं. घारने तो दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहताना तिच्या मनात पाल चुकचुकली. नेमकं काय खटकलं ते तिला सांगता येईना. त्याच दिवशी गेमच्या कंपनीच्या मालकाचा निरोप आला. त्याला सगळे कप्तान म्हणत. ताई, मागच्या वेळी तुम्ही एक मिनिट बोललात आणि लोकांनी मोकळ्या हाताने दिलं, या वेळीही एक मिनिट बोलाल का, असं त्याने विचारलं होतं.

मागच्या वेळी ती मनापासून बोलली होती. त्यामुळेच आता ती लगेच हो म्हणेना.

नवरा खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नसे, पण बायकोचा चेहरा कळे. तिने त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आम्ही पण रिकामी खोकी विकतो. पण रिकामी आहेत असं सांगून विकतो."

ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. कारण यात आणखी एक माणूस होता, आणि तो घरचा होता. तिचा धाकटा दीर त्याच कंपनीत चित्रकार होता. गेमचा नाद त्याला तिनेच लावला होता, जागा निघाल्याचंही तिनेच सांगितलं होतं. तो दोन वर्षं तिथे काम करत होता आणि उत्तरेचं बंदर त्याच्याच हातचं आहे असं घरात सगळे अभिमानाने सांगत.

रविवारी तो जेवायला आला, तेव्हा घार त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहत होती. त्याने गेम खेळणं सोडलं होतं, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. पूर्वी ताटावर बसूनही फोन सोडायचा नाही. आता नवऱ्याने मुद्दाम 'दर्यापार'चा विषय काढला तर त्याने पंख्याच्या आवाजाचा विषय काढला. पंखा आवाज करत होता हे खरं, पण तो गेली पाच वर्षं करत होता.

तिने सरळच विचारलं, "भावोजी, बंदर झालंय का?"

"काम चालू आहे, वहिनी."

हेच तीन शब्द कप्तान व्हिडिओत बोलला होता. अगदी त्याच सुरात. तिने आणखी दोन-चार प्रश्न टाकले, आडून विचारलं, गमतीने विचारलं. पण पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिली नाही. हात धुऊन तो लवकरच निघाला. एरवी संध्याकाळपर्यंत सोफ्यावर लोळणारा माणूस. दार लावताना नवरा म्हणाला की कदाचित एखादी मुलगी बघितली असेल, म्हणून गप्प आहे. घारला ते पटलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून ती जास्त काही बोलली नाही इतकंच.

तिने कप्तानला उत्तर पाठवलं. बोलेन, पण आधी बंदर दाखवा. व्हिडिओत नको, प्रत्यक्ष. तिला वाटलं होतं की टाळाटाळ होईल, गुप्ततेची कारणं येतील. तासाभरात उत्तर आलं की कधीही या. या तयारीनेच तिचा संशय दुप्पट झाला.

ऑफिस एका गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात नव्या फोमचा आणि प्लास्टिकच्या आवरणांचा वास भरला होता. वर एक लांबट खोली, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, टेबलं एकमेकांना खेटून. भिंतीवर जहाजांची, दोरांची, लाकडाच्या रेषांची चित्रं. एका खांबावर कुणीतरी आपला ओला रुमाल वाळत घातला होता. कप्तान स्वतः दाराशी आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा, बूट झिजलेले. घारच्या मनात आलं, हे बूट आजच्यासाठी तर घातले नाहीत ना. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मग लाज वाटल्याचाही संशय आला, कारण समोरच्याच्या असल्याच लाजेवर लोक आपलं खोटं निभावून नेतात.

धाकटा कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. त्याने मान वर केली नाही.

कप्तानने तिला मोठ्या स्क्रीनपुढे बसवलं आणि जहाज आत आणलं. तेच धुकं, तेच दिवे. मोठ्या पडद्यावर ते इतकं खरं वाटत होतं की क्षणभर तिचा हात दोर धरायला पुढे झाला. ती म्हणाली की मला चालवू द्या. कप्तानने किंचितही न थांबता कंट्रोलर तिच्या हातात दिला.

तिने जहाज धक्क्याला लावलं, उतरली, गोदामाच्या कडेने चालत गेली आणि वळली. मागे काहीही नव्हतं. भिंत होती तिची पाठही नव्हती. गोदाम म्हणजे एक पापुद्रा होता, कागदासारखा उभा, आणि त्याच्यामागे सगळीकडे एकसारखा राखाडी रंग. ती दुसऱ्या गल्लीत शिरली, तिसऱ्या. तेच. धक्क्यावरची माणसंही एकाच बाजूने माणसं होती. तिने एका कोळिणीला वळसा घातला तर तिला पाठ नव्हती, डोक्याची मागची बाजू नव्हती.

खोलीतला कीबोर्डचा आवाज थांबला होता. घारने कंट्रोलर खाली ठेवला.

"मागची बाजू कधी होणार?" तिने विचारलं.

"पैसे आले की," कप्तान म्हणाला. "व्हिडिओला एवढंच लागतं."

तिने विचारलं की इथे किती माणसं बंदराचं मागचं काम करतात. तो म्हणाला, दोघं. आणि व्हिडिओचं? बाकी सगळे, तो म्हणाला. त्याने काही लपवलं नाही. तो समजावून सांगू लागला, जणू नव्या नोकराला काम समजावतोय. लोक पैसे देतात ते नवं काहीतरी पाहून. जुनं वचन पुरं करायला पैसा लागतो, पैशासाठी नवं दाखवावं लागतं, आणि नवं दाखवलं की ते नवं वचन होतं. पहिल्या हाकेचे पैसे बेटांत गेले. दुसऱ्या हाकेचे सर्व्हर चालू ठेवण्यात आणि पगारात. तिसऱ्या हाकेचे पुष्कळसे चौथी हाक तयार करण्यात.

"हे तुम्ही लोकांना सांगता?"

"कुणी विचारलंच नाही, ताई. तुम्हीच पहिल्या."

त्याच्या चेहऱ्यावर ना अपराधीपणा होता ना मिजास. घार रोज अशी माणसं पाहायची, जी आपल्याला दुखत नाही म्हणतात आणि दुखत असतं, किंवा दुखतंय म्हणतात आणि नसतं. त्यांच्या कपाळाकडे, बोटांकडे पाहून तिला कळायचं. या माणसाकडे पाहून काहीच कळेना.

ती जिना उतरत होती तेव्हा मागून धाकटा आला. मधल्या टप्प्यावर दोघं थांबली. खाली दुकानदार कुणाला तरी गादी दाबून दाखवत होता.

तो म्हणाला की दोन वर्षांत मी जेवढी घरं काढली, त्यातल्या एकाचंही दार उघडत नाही. आई सगळ्यांना सांगते माझा मुलगा शहर बांधतो, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं. घारने विचारलं, मग आधी का नाही बोललात. त्यावर तो रेलिंगचा उडालेला रंग नखाने खरवडू लागला.

"कारण या वेळी खरंच होईल, वहिनी," तो म्हणाला. "एवढी एक वेळ पैसे आले तर मागची बाजू होईल. तू हे बाहेर बोललीस तर कधीच होणार नाही."

हे त्याला स्वतःला वाटत होतं, की वरून शिकवून खाली पाठवलं होतं? लहानपणापासून पाहिलेला मुलगा नव्हता तो, पण लग्न होऊन आली तेव्हा कॉलेजात होता, तिच्यापुढे परीक्षेत नापास झाल्याचं आधी सांगायचा आणि मग घरी सांगायचा. त्याच्या तोंडाकडे पाहून आजवर तिला असा प्रश्न पडला नव्हता. तिने त्याला सांगितलं की तुमचं नाव येणार नाही, आणि बाकी विचार करून ठरवते.

विचार तिने दोन दिवस केला. मग एक मिनिट बोलली, पण कंपनीसाठी नाही, आपल्या ताफ्यासाठी. तिने पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगितलं. बंदराला फक्त समोरची बाजू आहे. मागचं काम दोन माणसं करतात, बाकीचे आपल्यासाठी व्हिडिओ करतात. मागची बाजू दिसेपर्यंत मी देणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

तिला वाटलं होतं लोक कप्तानवर उलटतील. काही उलटलेही. पण पहिल्या तासातच कुणीतरी विचारलं की हिला ऑफिसात घेतलंच कसं. दुसऱ्याने शोधून काढलं की हिचा दीर तिथे नोकरीला आहे. मग काय, ध चा मा व्हायला वेळ लागला नाही. दिराला बढती नाकारली म्हणून वहिनी पेटली. दुसऱ्या एका गेमवाल्यांनी तिला विकत घेतलं. ती मुळात कधी वर्गणी देतच नव्हती. ज्यांना तिने वादळातून ओढून काढलं होतं, तेही गप्प बसून वाचत राहिले.

ताफ्यातले सगळ्यात जुने खेळाडू म्हणजे मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

"घारताई, मला हे दुसऱ्या हाकेपासून माहीत आहे," ते म्हणाले.

तिने विचारलं की मग दरवेळी देता कशाला.

"बंदर पूर्ण झालं तर काय होईल, सांगू? तुम्ही सगळे महिनाभर हिंडाल, कंटाळाल आणि दुसऱ्या गेमला जाल. मी कुठे जाऊ? वाट बघायला माणसं रोज येतात. मी त्या माणसांचे पैसे देतो, बंदराचे नाही."

तिने एवढंच म्हटलं की तुम्हाला माहीत आहे, पण त्या पोरांना माहीत नाही जी आपल्या पहिल्या पगारातून देतात. मास्तर म्हणाले, ते खरं आहे. मग ते म्हणाले की तरी मी देणार आहे, आणि फोन ठेवला.

आठवड्याने कप्तानचा नवा व्हिडिओ आला. घारने तो दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधल्या वेळात पाहिला. कप्तान साध्या खुर्चीत बसला होता. घारताई खरं बोलल्या, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मग तिचंच बोलणं, तिच्याच आवाजात, पूर्ण लावलं. आणि मग कॅमेरा गोदामाला वळसा घालून मागे गेला आणि तो राखाडी रिकामेपणा त्याने स्वतः दाखवला, हळूहळू, एकेक गल्ली करून. पाठ नसलेली कोळीणसुद्धा. शेवटी तो म्हणाला, ही मागची बाजू आपण मिळून भरू.

लोक वेडे झाले. असा प्रामाणिक माणूस कधी पाहिला नाही, असं जो तो म्हणू लागला. पहिल्या तिन्ही हाकांना मिळून आलं नव्हतं एवढं चौथीला आलं. घारला शिव्या देणाऱ्यांनी तिची माफी मागितली आणि माफी मागता मागता पैसे दिले.

ती मोबाइल हातात धरून मशिनशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. पुढचा पेशंट दारात येऊन उभा होता, तिने त्याला पाहिलंच नाही. कप्तानला तिचं एक मिनिट हवं होतं आणि ते त्याला मिळालं होतं. कंट्रोलर त्याने इतक्या सहज का दिला, कीबोर्ड का थांबले, दोघं हा आकडा इतक्या पटकन कसा सांगितला, हे सगळं आता ती उलटीकडून पाहू लागली. कदाचित त्याने तिला मागे जाऊ दिलं ते तिने बाहेर जाऊन बोलावं म्हणूनच. आणि कदाचित तसं काही नव्हतं. पकडला गेलेला माणूस शहाणा असला तर खरं बोलतो, एवढंच.

घरी नवऱ्याने कबूल केलं की त्यानेही थोडे दिले. धाकट्याची नोकरी राहावी म्हणून, तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता बुटाच्या नाड्या सोडत बसला. ती त्याच्यावर रागावली नाही. त्याच्या मते तो गेमला नव्हे, भावाला देत होता.

रविवारी धाकटा आला तो खुशीत. मागच्या बाजूला आता सातजण आहेत, त्यात मीही आहे, असं तो सांगत होता. परवा एक दार उघडलं, वहिनी, आत जाता येतं. घारने त्याला जेवू दिलं. मग भांडी विसळताना, तो शेजारी उभा राहून पुसत असताना, तिने विचारलं की कप्तान मला मुद्दाम दाखवणार आहे हे तुम्हाला माहीत होतं का.

"नाही," तो म्हणाला.

तो ताबडतोब म्हणाला. ताबडतोब म्हणाला म्हणून खरं, की ताबडतोब म्हणाला म्हणून खोटं, यावर ती त्या रात्री झोप लागेपर्यंत डोकं शिणवत राहिली. त्याला पुन्हा विचारायचं नाही एवढंच तिने ठरवलं. पुन्हा विचारलं असतं तर तो कोणत्याही उत्तराने परका झाला असता.

पुढच्या महिन्यात कप्तानने तिला पगारी काम देऊ केलं. दर महिन्याला ऑफिसात यायचं, काय झालं ते पाहायचं आणि लोकांना सांगायचं. नवरा म्हणाला की हे म्हणजे मांजरीला दूध राखायला ठेवण्यासारखं आहे, फक्त मांजर कोण ते कळत नाही. तिने कप्तानला कळवलं की येईन, पण पगार नको, आणि आधी सांगून येणार नाही. कप्तान लगेच हो म्हणाला. त्याचं हे लगेच हो म्हणणं तिला आता ओळखीचं झालं होतं आणि तरी त्याची सवय होत नव्हती.

एका बुधवारी दवाखान्यातला दुपारचा पेशंट आला नाही, तेव्हा ती उठून तिकडे गेली. वर दार उघडंच होतं. खोलीत एकच माणूस होता, धाकटा, दाराकडे पाठ करून. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. जेवायला गेले असतील. किंवा ते नसतीलच. तिने दाराजवळच्या टेबलावरच्या किटलीला हात लावून पाहिला. कोमट होती.

धाकट्याच्या स्क्रीनवर एका घराचं मागचं अंगण होतं. तिथे एक दगडी जिना तळघरात उतरत होता आणि तो त्याच्या पायऱ्या झिजवत होता, जिथे पाय पडतात तिथेच, मधोमध. एक पायरी त्याला पसंत पडली नाही, ती पुसून पुन्हा केली. तो गुणगुणत होता. ती बराच वेळ त्याच्या मागे उभी राहिली. मग हाक न मारता खाली उतरली आणि बस येईपर्यंत थांब्यावर उभ्या उभ्या ताफ्याला निरोप लिहिला.

आज गेले होते, तिने लिहिलं. एक माणूस काम करत होता. एक जिना पाहिला, तो पुढूनही आहे आणि मागूनही. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यांचं मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन.

खाली लगेच कुणीतरी विचारलं की तो माणूस म्हणजे तुमचा दीरच ना.

हो, तिने लिहिलं, आणि बसमध्ये चढली.